केसपेपरवर ‘टेन्शन’ लिहिण्याआधी : राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

राज्यातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. विसरायला होतं म्हणून येणाऱ्यांच्या स्मृतीच्या चाचण्या घेणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. माझ्याकडे पेशंट येतो तो न्यूरॉलॉजिस्टची नाहीतर मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन. पण त्यांच्याकडे पोचायच्या आधी तो तुमच्या बाकावर बसून गेलेला असतो. तिथे काय बोलणं झालं, हे मी आवर्जून विचारते. उत्तरं बहुतेक ठरलेली. “डॉक्टर म्हणाले, टेन्शनने होतं.” “डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे चालायचंच.” आणि सोबत एक छोटी गोळी, रात्री झोपताना घ्यायची.

या पत्राला कारण तेवढंच.

टेन्शनने विसरायला होतं, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. इतकं खरं, की त्याला आजाराइतका मान द्यायला हवा. बीपी निघालं तर तुम्ही आकडा लिहिता, गोळी देता, पंधरा दिवसांनी परत बोलावता. ‘टेन्शन’ म्हटलं की मात्र केसपेपर मिटतो आणि पुढचा पेशंट आत येतो. माझी तक्रार त्या मिटलेल्या केसपेपरबद्दल आहे. त्यात दोन प्रकारची माणसं हरवतात. ज्यांना खरोखर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झालाय त्यांची दोन-तीन वर्षं ‘टेन्शन’च्या नावाखाली जातात. आणि ज्यांना खरोखर ताणच आहे, त्यांचा तो ताण कुणी हातात घेऊन बघतच नाही.

तुमच्यापैकी कुणी एमबीबीएस, कुणी बीएएमएस, कुणी बीएचएमएस. ताणाचा मेंदूवरचा परिणाम अभ्यासक्रमात फार तर एखाद्या पानात उरकलेला असणार, म्हणून थोडं शास्त्र आधी.

हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरचे ताणाचे परिणाम मांडले, तेव्हा चर्चा होती ती सुजलेल्या ॲड्रिनल ग्रंथींची, आकसलेल्या थायमसची आणि जठरातल्या जखमांची. मेंदू त्या चित्रात ताण ओळखणारा होता, ताण सोसणारा नव्हता. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना किरणोत्सारी खूण लावलेलं ताणाचं संप्रेरक टोचलं आणि ते मेंदूत कुठे जाऊन बसतं ते पाहिलं. सगळ्यात जास्त सापडलं ते हिप्पोकॅम्पसमध्ये. नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात, अल्झायमरमध्ये ज्याची पडझड लवकर सुरू होते, तोच हा भाग.

हिप्पोकॅम्पसकडे आणखी एक काम असतं. कॉर्टिसॉल हे माणसातलं ताणाचं संप्रेरक पुरेसं झालं की ‘आता बस’ असा निरोप तो वर पाठवतो. सोसायटीच्या टाकीतल्या फ्लोटसारखं. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि मोटार बंद पडते. ताण महिनोन्महिने चालला की फ्लोटच अडकायला लागतो. म्हणजे ज्याला इजा होतेय त्याच्याच हातात बटण आहे, आणि इजा वाढेल तसं ते बटण दाबणं त्याला जड जातं. ताण जुना झाला की आपोआप का जिरत नाही, त्याचं एक कारण हे.

यापुढचं महत्त्वाचं काम आपल्याकडे झालंय, आणि ते आपल्या दवाखान्यांत फारसं पोचलेलं दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं. बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस, हलता येणार नाही अशा अवस्थेत ठेवलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. भीतीची नोंद ठेवणाऱ्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढल्या. एकच ताण, आणि मेंदूच्या दोन भागांत अगदी उलटे परिणाम. पुढे याच गटाने ताण थांबवून उंदरांना २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला सावरला नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी हे वाचताना मला माझे पेशंट दिसतात. घरातलं मोठं आजारपण, जमिनीची कोर्टकचेरी, मुलाची गेलेली नोकरी यातून पार पडलेला माणूस सांगतो की आता सगळं ठीक आहे, डोकंही पूर्वीसारखं चालतं, फक्त रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. त्याला आपण काय सांगतो? “संपलं ना आता, सोडून द्या.” ते त्याने सोडलेलंच असतं. त्याच्या अमिग्डालाने सोडलेलं नसतं.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाने याहून मागे जाऊन बालवयातला ताण तपासला. उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज काही तास आईपासून दूर ठेवलं. ही पिल्लं तरुण झाल्यावर ताणाच्या परिस्थितीतल्या चाचणीत उलट सरस निघाली. मध्यम वयात मात्र त्यांची स्मृती घसरली आणि हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होणंही मंदावलं. म्हणजे लहानपणी सोसलेलं तरुणपणी दिसेलच असं नाही, चाळिशी-पन्नाशीत वर येऊ शकतं. ‘ती पहिल्यापासून फार खंबीर आहे हो’ असं नातेवाईक ज्यांच्याबद्दल सांगतात, त्या बायकांच्या बाबतीत मी आता हे वाक्य जरा जपून ऐकते.

माणसांवरचा पुरावा कुशिंग्जच्या रुग्णांचा. शरीर स्वतःच कॉर्टिसॉल भरमसाट बनवतं, असा हा आजार. मिशिगन विद्यापीठात मोनिका स्टार्कमन यांना या रुग्णांमध्ये जितकं कॉर्टिसॉल जास्त तितका हिप्पोकॅम्पस लहान असं दिसलं, आणि जितका तो लहान तितकी शब्दांची आठवण कमी. १९९९ मध्ये त्यांच्याच गटाने उपचारानंतर पुन्हा मोजणी केली. कॉर्टिसॉल खाली आलं तसा हिप्पोकॅम्पस सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास वाढला, काहींचा १० टक्क्यांपर्यंत. हरवलेलं काही अंशी परत येतं, हे माणसाच्या मेंदूत मोजून दाखवणारं असं काम विरळा आहे.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रयोग तुमच्या जास्त कामाचा. निरोगी माणसांना चार दिवस कॉर्टिसॉलचा मोठा डोस दिला, तर ऐकलेल्या मजकुराची आठवण कमी झाली. डोस थांबवल्यावर ती पुन्हा जागेवर आली. हे तुम्हाला का सांगते? सांधेदुखीवर, दम्यावर, अंगावरच्या खाजेवर स्टेरॉइड सर्रास चालतात. त्यातली काही नाव नसलेल्या पुडीतून येतात, आणि पेशंट त्याला ‘गुडघ्याचं देशी औषध’ म्हणतो. विसरायला लागलेल्या माणसाला ‘अशी काही पुडी चालू आहे का’ हा प्रश्न फक्त तुम्ही विचारू शकता. माझ्यापुढे कुणी ते कबूल करत नाही.

आता दुसरी बाजू. माझ्यासारख्या लोकांना ताणाचं शास्त्र मिळालं की आम्ही सगळंच त्यात कोंबतो.

२००२ मध्येच अमेरिकेत जुळ्या भावांचा एक अभ्यास झाला. एक भाऊ व्हिएतनामच्या युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. युद्धाच्या आघाताने आजारी पडलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, हे अपेक्षित होतं. पण घरी राहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावांचाही तितकाच लहान निघाला. म्हणजे काही अंशी तो आधीपासूनच लहान होता, आणि कदाचित म्हणूनच आघात जास्त लागला. एमआरआयच्या रिपोर्टात ‘हिप्पोकॅम्पस आकसलेला’ असं वाचून ‘टेन्शनने मेंदू सुकला’ असं पेशंटला सांगणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

मग ताणाने डिमेन्शिया होतो का? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९६८ पासून मध्यमवयीन बायकांच्या एका मोठ्या गटाची वर्षानुवर्षं तपासणी होत आली. १९६८, १९७४ आणि १९८० या तिन्ही वेळी ज्यांनी सततचा मानसिक ताण असल्याचं सांगितलं, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. एकदाच सांगणाऱ्यांत फारसा फरक दिसला नाही. हा संबंध झाला, कारण सिद्ध झालं नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे १४ धोके मांडले. सगळे आटोक्यात आणले तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत ‘ताण’ असं वेगळं कलम नाही. बीपी आहे, मधुमेह आहे, नैराश्य आहे, एकटेपणा आहे, कमी ऐकू येणं आहे, डोक्याला मार आहे, कमी शिक्षण आहे, हवेचं प्रदूषण आहे. ताण यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे उभा असतो, पण यादीत त्याला स्वतःची जागा मिळावी इतका पक्का पुरावा अजून जमलेला नाही.

म्हणून एक विनंती मध्येच करून टाकते. डिमेन्शियाचं निदान झालेल्या माणसाच्या मुलाला ‘वडिलांनी फार टेन्शन घेतलं ना, त्यामुळे’ असं सांगू नका. तुम्ही सहज बोलता. तो घरी जाऊन हिशेब मांडतो: माझं लग्न, माझं कर्ज, माझी बदली. भावा-बहिणींत तेवढ्यावरून बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

माझ्या टेबलावर काय होतं ते आता सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुमच्या टेबलावरही होऊ शकतं.

मी काही शब्द सांगते, समोरचा ते परत म्हणतो. मग आम्ही दुसरंच काही बोलतो आणि पाचेक मिनिटांनी तेच शब्द विचारते. समजा समोर पन्नाशीच्या बँकेतल्या बाई आहेत. घरात सासऱ्यांचं अंथरूण, ऑफिसात टार्गेट, रात्री तीनला डोळे उघडे. त्या एकट्याच आलेल्या असतात, कागदावर तक्रारींची यादी लिहून. सुरुवातीलाच म्हणतात, “मॅडम, मला काही आठवणार नाही.” दोन शब्द येतात, पुढे “नाही येत.” मी म्हणते, एक फळ होतं. “हां, डाळिंब!” एक भांडं होतं. “परात!” म्हणजे शब्द आत गेलाय, ठेवलेलाही आहे. काढताना हात पोचत नाही, इतकंच.

दुसरे निवृत्त मास्तर. इस्त्रीचा शर्ट, बोलणं छान, तब्येतीबद्दल विचारलं तर “फर्स्टक्लास!” तक्रार त्यांची नाहीच, बायकोची आहे, आणि ती त्यांच्या मागे बसून मानेनेच ‘नाही नाही’ करते आहे. पाच मिनिटांनी शब्द विचारले तर “कुठले शब्द?” फळ होतं म्हटलं तर “आंबा!” अगदी ठणकावून. मी आंबा म्हटलेलंच नाही. आणि नातवाचं नाव विचारलं, काल काय जेवलात विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी मान मागे वळते, बायकोकडे. हे मान वळणं स्मृतीच्या दवाखान्यांत एक खूण म्हणून नोंदवलं जातं. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. पेशंट आत येऊन बसेपर्यंत कोण कुणाला घेऊन आलंय आणि तक्रार कोण सांगतंय, एवढं जरी पाहिलंत तरी अर्धं काम होतं.

हे ठोकताळे आहेत. बाईंचं नैराश्य खोल गेलं तर त्यांचीही चाचणी मास्तरांसारखी दिसू शकते. आणि साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी डिमेन्शियाचीच पहिली पायरी असते. म्हणून एका बैठकीत निकाल लावायची घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा बघा. उलट दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागलेला म्हातारा माणूस मात्र सहा तासही थांबवू नका. लघवीतला संसर्ग, घसरलेलं सोडियम, नवीन सुरू झालेली गोळी, आणि तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेलं पण सगळे विसरून गेलेले, हे त्यात आधी शोधायचं.

शाळेची पायरी न चढलेल्या आजींना घड्याळाचं चित्र काढायला सांगू नका. शंभरातून सात वजा करत जायलाही नको. त्या नापास होतील आणि त्याचा मेंदूशी काही संबंध नसेल. हरियाणात बल्लभगडच्या गावांसाठी १९९० च्या दशकात न शिकलेल्या लोकांना चालेल अशी हिंदी चाचणी बसवली गेली, ती याच अडचणीतून. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने डिमेन्शियाच्या चाचण्यांचा संच अनेक भाषांत तयार केला. पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी नव्हती. आपल्याकडे कुणाला त्याचं काही वाटलं, असं निदान माझ्या कानावर तरी आलं नाही.

तर आजींना काय विचारायचं? इंग्रजी तारीख विचारली तर त्या हसतात. मागची एकादशी कधी झाली, आता कुठला सण येतोय, हे विचारा. पुरणपोळी कशी करता, पहिल्यापासून सांगा म्हणा. डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, वाटायचं. हा क्रम साठ वर्षं हातात बसलेला असतो. तो अडखळला, गूळ दोनदा घातला गेला किंवा डाळ न शिजवताच वाटली गेली, तर कान टवकारा. सुनेला बाजूला घेऊन विचारा: दुधवाल्याचा हिशेब कोण बघतं, आणि पूर्वी कोण बघायचं? गॅस चालू राहतो का? नेहमीच्या देवळातून घरी यायला कधी चुकल्या का? यातला ‘पूर्वी’ हा भाग मोठ्या रुग्णालयात कुणालाच माहीत नसतो. आजींना तीस वर्षं बघितलेला डॉक्टर एकच असतो, तो तुम्ही. आम्ही एका सकाळी तासभर बघतो आणि त्यावर रिपोर्ट लिहितो. म्हणून हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं.

भारतात साठीपुढच्या १०० जणांमागे सुमारे ७ जणांना डिमेन्शिया आहे. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये आलेला आकडा ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. न्यूरॉलॉजिस्ट मात्र शहरात. तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून द्यायचं की शोधायचं, हे बहुतेक वेळा तालुक्याच्या दवाखान्यातच ठरतं.

आता त्या छोट्या गोळीबद्दल.

माझ्याकडे येताना पेशंटने चालू औषधांची पिशवी आणायची, असा माझा नियम आहे. मेडिकलवाल्याची ती पातळ पिशवी टेबलावर उपडी केली की अर्धी कहाणी तिथेच कळते. अल्प्राझोलाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळीची पट्टी, ०.२५ ची, कडा दुमडलेली. कधीपासून घेता? “डॉक्टरांनी आठवडाभरासाठी दिलेली, हे गेले तेव्हा.” आणि ‘हे’ जाऊन चार वर्षं झालेली असतात. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवाला देत राहतो. शेजारी सर्दी-खाजेची झोप आणणारी जुन्या पद्धतीची गोळी, लघवी आवरत नाही म्हणून एक, हातपाय दुखतात म्हणून अमिट्रिप्टिलीन.

अल्प्राझोलामच्या जातीची औषधं नवी आठवण बसू देत नाहीत. हे तुम्हाला मी सांगायला नको. एंडोस्कोपीच्या आधी याच जातीचं मिडाझोलाम देतात, त्यात नळी घातल्याचं पेशंटला नंतर आठवू नये हाही एक हेतू असतो. तोच गुण रोज रात्री, वर्षानुवर्षं, सत्तरीच्या मेंदूत. अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांची वयस्कांसाठी टाळायच्या औषधांची जी बिअर्स यादी आहे, तिच्यात ही औषधं आहेत, आणि ती यादी काही आजची नाही, १९९१ पासूनची आहे. ताणाने झोप उडाली, झोपेसाठी गोळी दिली, गोळीने आठवण गेली, आठवण गेली म्हणून ताण वाढला. हे चक्र बाहेरून बघणाऱ्याला डिमेन्शियासारखंच दिसतं.

दुसरी गंमत (गंमत कसली!) पिशवीत अशी सापडते. न्यूरॉलॉजिस्टने डोनेपेझिल हे डिमेन्शियाचं औषध सुरू केलेलं असतं. ते मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवून धरतं. त्याने काहींना लघवीची घाई होते. पेशंट घराजवळच्या दवाखान्यात जातो, तिथे लघवी आवरायची गोळी मिळते, आणि ती नेमकं ॲसिटिलकोलीनच अडवते. दोन गोळ्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, दोन्हींचे पैसे पेशंटचे. सगळी पिशवी एकत्र बघणारं कुणी असेल तर ते तुम्हीच. मी औषध देत नाही, बंदही करू शकत नाही, फक्त चिठ्ठीत लिहू शकते. आणि हे वाचणाऱ्या पेशंटांना इथेच सांगते: झोपेची गोळी परस्पर एका रात्रीत बंद करू नका. झटके येऊ शकतात. ती आठवड्यां-आठवड्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत न्यायची असते.

पिशवीनंतर रक्त. थायरॉइडसाठी टीएसएच, बी-ट्वेल्व्ह, सोडियम, साखर, किडनी. आपल्याकडे शाकाहारी घरं बरीच, त्यात मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची सकाळची कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू. ही दोन्ही बी-ट्वेल्व्ह कमी करतात. मग कान. समोरचा विसरत नसतो, त्याला मुळात ऐकूच आलेलं नसतं. कानातला मळ काढल्यावर ‘स्मृती सुधारली’ अशी माणसं माझ्याकडेही येऊन जातात.

आणि सगळं नॉर्मल निघालं, ताणच आहे असं ठरलं, तर? तर तो केसपेपरवर नीट लिहा. कशाचा ताण, कधीपासून, झोप किती तास, भूक कशी, जगणं नकोसं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारायला बरेच डॉक्टर कचरतात. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. असलेला बाहेर येतो. नैराश्य असेल तर त्यावर इलाज आहे, आणि नैराश्य उतरलं की आठवण बरीचशी परत येते. त्या बँकेतल्या बाईंना ‘तुम्हाला अल्झायमर नाही’ हे वाक्य स्पष्ट म्हणून दाखवा. ‘काही नाही हो, टेन्शन आहे’ आणि ‘तपासलं, अल्झायमर नाही, ताणामुळे होतंय, एक महिन्याने परत या’ यांत पेशंटच्या घरी जाऊन पोचणारा फरक फार मोठा असतो. चालायला सांगा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वयस्कांपैकी ज्यांना वर्षभर नियमित भरभर चालायला लावलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. गावात समुपदेशक नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. दवाखान्यात तो नंबर मोठ्या अक्षरात लावायला एक कागद लागतो.

आता सोबत आलेल्या व्यक्तीबद्दल. फाइल धरून उभी असलेली सून, मुलगी, बायको. स्टुलावर बसते, पेशंटचं सांगते, औषधं लिहून घेते, जाते. तिचा केसपेपर निघतच नाही. ओहायोमध्ये १९९५ साली एक साधा प्रयोग झाला. डिमेन्शियाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि तशाच वयाच्या, ही जबाबदारी नसलेल्या १३ बायका. दोन्ही गटांतल्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सांभाळणाऱ्या बायकांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हाताच्या कातडीला जर एवढं कळतं, तर तिचं बीपी, तिची साखर, तिचा हिप्पोकॅम्पस यांचं काय होत असेल? पेशंटचं बीपी घेऊन झालं की तोच पट्टा तिच्या दंडाला बांधा. तिला विचारा, “तुम्ही झोपता का?” बहुतेकदा इथे ती पहिल्यांदा बसते नीट.

मला कल्पना आहे, बाहेर वीस माणसं ताटकळत असतात. पाच मिनिटांत यातलं काहीच होणार नाही. म्हणून सगळं त्याच दिवशी करू नका. विसरायला होतं म्हणणाऱ्याला दुपारची, गर्दी नसलेली वेगळी वेळ द्या, घरातल्या एका माणसाला आणि औषधांच्या पिशवीला सोबत आणायला सांगा. त्याची वेगळी फी घ्या. लोक देतील. कर्नाटकाने २०२२ पासून निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या मदतीने प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना मेंदूच्या आजारांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे तालुक्या-तालुक्यांत डॉक्टरांच्या संघटना महिन्याला सभा घेतात आणि बहुतेकदा एखादी औषध कंपनी जेवण देते. त्यातली एक सभा यासाठी ठेवा. मला बोलवा, मी स्वतःच्या खर्चाने येईन. कुणी न्यूरॉलॉजिस्ट, कुणी मनोविकारतज्ज्ञही येतील, मी विचारून ठेवलंय.

आणि पेशंटला पुढे पाठवाल तेव्हा चिठ्ठीवर ‘मेमरी लॉस, फॉर ओपिनियन’ इतकंच न लिहिता चार ओळी जास्त लिहा. कधीपासून, आणि आधी माणूस कसा होता. तक्रार कुणाची, त्याची की घरच्यांची. चालू गोळ्या सगळ्या, पुडीसकट. गेल्या वर्षात घरात काय घडलं. खाली तुमचा मोबाइल नंबर टाका. चाचणी झाली की त्याच संध्याकाळी मी फोन करते. पेशंट मोठ्या रुग्णालयातून रिपोर्ट घेऊन निघतो तेव्हा त्याला त्यातलं फारसं समजलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारायला तुमच्याकडेच येणार असतो.

आपली,
स्मृतीच्या चाचण्या घेणारी एक मानसशास्त्रज्ञ, पुणे